दोन लाखांचं घर आणि बायकांची वर्गणी

बायकांनी वर्गणी गोळा करायची म्हटलं की घरातली पुरुषमंडळी जरा हसतातच. "झालं, निघालं का पुन्हा पावतीपुस्तक?" असं म्हणत दहाची नोट पुढे करतात. हळदीकुंकवातून उरलेल्या पैशांत बालवाडीला सतरंज्या आल्या, आनंदमेळ्यातल्या भेळेच्या स्टॉलवर शाळेचा नळ दुरुस्त झाला, दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरीतून एका मुलीची फी भरली गेली... पण हिशेब कोण ठेवतं? हे सगळं 'बायकांचा टाइमपास' या एकाच खात्यात जमा होतं.

मैत्रिणींनो, आज अशाच एका टाइमपासची गोष्ट सांगायची आहे. अमेरिकेतल्या बायकांनी मेळे भरवून, नाचगाण्याचे कार्यक्रम करून, दारोदार फिरून पैसे जमवले आणि एक घर विकत घेतलं. साधंसुधं नव्हे, अमेरिकेचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याचं राहतं घर! सरकारने ते घ्यायला नकार दिला होता. आणि ज्यांनी घेतलं त्या बायकांना तेव्हा मतदानाचा हक्कही नव्हता. तो मिळाला १९२० साली. घर घेतलं १८५८ साली.

व्हर्जिनिया राज्यात पोटोमॅक नदीकाठी हे घर आहे. नाव माऊंट व्हर्नन. वॉशिंग्टन गेला १७९९ साली. पुढे घर पुतण्या, मग पुतण्याचा पुतण्या असं करत जॉन ऑगस्टीन वॉशिंग्टन याच्याकडे आलं. घर मोठं, शेती खालावलेली, आणि बघायला येणाऱ्या लोकांची रीघ. आलेला माणूस आठवण म्हणून काहीतरी उचलून न्यायचा. जॉनला हे झेपेना. देशाच्या सरकारने घ्यावं, नाहीतर राज्याने घ्यावं, असं त्याने सुचवून पाहिलं. कोणी दाद दिली नाही. दरम्यान नदीकडच्या उंच पडवीचे खांब इतके कुजले, की छताला जहाजाच्या जुन्या डोलकाठ्यांचे टेकू द्यावे लागले. आपल्याकडे नाही का, वाड्याची तुळई खचली की बांबूचा टेकू देतात आणि तोच टेकू पुढे पंधरा वर्षं तिथे राहतो! तशीच गत.

१८५३ साली लुइसा कनिंगहॅम नावाची एक बाई बोटीने या घरासमोरून चालली होती. रात्र होती, चांदणं होतं. माऊंट व्हर्ननसमोरून जाताना बोटीवर मानाने घंटा वाजवायची रीत होती. घंटा वाजली, बाई डेकवर आली आणि तिला दिसलं ते हे पडायला आलेलं घर. तिने मुलीला पत्र लिहिलं. देशातल्या पुरुषांना जमत नसेल, तर बायकांनी हे घर का वाचवू नये, असा त्या पत्राचा मथितार्थ.

ही मुलगी अ‍ॅन पामेला कनिंगहॅम, राहणार साउथ कॅरोलिना. वय सदतीस, अविवाहित. तरुणपणी घोड्यावरून पडून पाठीच्या कण्याला दुखापत झालेली, त्यामुळे तब्येत कायमची अधू. घराबाहेर पडायचं म्हणजे संकट. पण आईचं पत्र तिने मनावर घेतलं. २ डिसेंबर १८५३ रोजी 'चार्ल्स्टन मर्क्युरी' या वर्तमानपत्रात तिचं आवाहन छापून आलं. खाली सही होती 'दक्षिणेतली एक गृहिणी' अशा अर्थाची. कारण काय, तर कुलीन बाईचं नाव पेपरात छापून येणं बरं दिसत नसे! मला इथे आपल्या आज्या-पणज्या आठवल्या. 'सौ. अमुक' एवढ्यावरच त्यांची सही संपायची.

सुरुवातीला घरमालक म्हणाला, बायकांना घर विकायचं नाही. वर किंमत सांगितली दोन लाख डॉलर, घर आणि भोवतीची दोनशे एकर जमीन मिळून. त्या काळचे दोन लाख! असं सांगतात, की अ‍ॅन पामेला स्वतः त्याला भेटायला गेली, बोलणं फिसकटलं, पण परतीची बोट चुकली आणि रात्र तिथेच काढावी लागली. त्या एका संध्याकाळी ती घरच्यांशी बोलत बसली आणि मालकाचं मन वळलं. शेवटी ६ एप्रिल १८५८ रोजी करार झाला. अठरा हजार आधी, बाकीचे हप्त्याने.

आता हे पैसे उभे कसे केले ते बघण्यासारखं आहे. आपल्या कामाचं तेच आहे.

अ‍ॅन पामेलाने प्रत्येक राज्यासाठी एकेक जबाबदार बाई नेमली. ती त्या राज्याची उपाध्यक्ष. तिने आपल्या राज्यात जिल्ह्याजिल्ह्यांत, गावोगाव बायका नेमायच्या. पैसे वर पाठवायचे, हिशेब वर द्यायचा. न्यूयॉर्कची उपाध्यक्ष होती अलेक्झांडर हॅमिल्टन या थोर पुढाऱ्याची नात. पण व्हर्जिनियाची होती अ‍ॅना कोरा मोवॅट रिची, जी आधी रंगमंचावरची नटी होती आणि स्वतः नाटकंही लिहायची. म्हणजे घराण्याचं नाव असलेली हवी तशी लोकांसमोर उभं राहायची सवय असलेलीही हवी, हे त्या बाईने बरोबर ओळखलं होतं.

एक डॉलर देणाराही सभासद. हे मला फार आवडलं. मोठ्या देणगीदाराचं नाव फळ्यावर आणि बाकीच्यांना नुसतं 'धन्यवाद' असं नाही. शाळकरी पोरांची नाणीसुद्धा या घरात गेली आहेत. गावोगाव मेळे भरले, संगीताचे कार्यक्रम झाले, नृत्याचे जलसे झाले, ऐतिहासिक प्रसंगांचे जिवंत देखावे झाले. आपल्या गणपतीत मुलं शिवाजी महाराजांच्या प्रसंगाचा देखावा करतात ना, तसेच.

मेळ्यांची युक्ती नवी नव्हती. सेरा जोसेफा हेल ही त्या काळातली गाजलेली संपादिका. ऐन तरुणपणी विधवा झालेली, पाच मुलांना वाढवणारी. बॉस्टनजवळच्या बंकर हिलचं स्मारक पैशांअभावी वर्षानुवर्षं अर्धवट पडलं होतं. पुरुषांच्या समितीने हात टेकले. १८४० साली सेराबाईंनी बायकांना गोळा करून बॉस्टनच्या क्विन्सी मार्केटात सात दिवसांचा मेळा भरवला. विणकाम, भरतकाम, खाऊचे पदार्थ, जे ज्या बाईला येत होतं ते तिने आणलं. सुमारे तीस हजार डॉलर जमले आणि स्मारक पूर्ण झालं! याच सेराबाईंनी पुढे आपल्या 'गोडीज लेडीज बुक' या मासिकातून माऊंट व्हर्ननच्या कामाचा प्रचार केला. हे मासिक म्हणजे फॅशनची चित्रं, पाककृती आणि गोष्टी. त्यातूनच एवढं मोठं आवाहन घरोघरच्या स्वयंपाकघरात पोचलं. बायकांच्या पानांना नाकं मुरडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं!

पुरुषांची मदत नव्हती असं नाही. एडवर्ड एव्हरेट हे तेव्हाचे मोठे वक्ते. वॉशिंग्टनच्या चारित्र्यावरचं व्याख्यान त्यांनी गावोगाव शंभराहून जास्त वेळा दिलं आणि त्याची जवळजवळ एकोणसत्तर हजार डॉलरची मिळकत बायकांच्या हाती ठेवली. म्हणजे घराच्या किमतीच्या एक तृतीयांशाहून जास्त. पण पैसा कुठे आणि कसा लावायचा, हे ठरवत होत्या बायका.

१८५९ साल संपता संपता रक्कम पुरी झाली. २२ फेब्रुवारी १८६०, म्हणजे वॉशिंग्टनच्या वाढदिवशी, घर बायकांच्या ताब्यात आलं. वर्षभरात देशात उत्तर विरुद्ध दक्षिण असं यादवी युद्ध पेटलं. अ‍ॅन पामेला दक्षिणेत अडकली. घर दोन्ही सैन्यांच्या मधोमध! तेव्हा संस्थेची सचिव सेरा ट्रेसी ही उत्तरेकडची बाई तिथे राहिली. घर कोणत्याच बाजूचं नाही, हा तिचा हेका. सैनिक बघायला आले तर त्यांनी शस्त्रं बाहेर ठेवून आत यायचं. चार वर्षांच्या युद्धात आजूबाजूला लढाया झाल्या, या घराला धक्का लागला नाही.

मुलीकडे अमेरिकेला गेले होते तेव्हा हे घर मी बघितलं. खरं सांगते, महाल बघायला मिळेल असं वाटलं होतं. पण पुढच्या भिंती दगडी दिसतात त्याही लाकडी! फळ्यांना दगडासारख्या खाचा पाडून, ओल्या रंगावर वाळू उडवून केलेलं सोंग आहे ते. आत दिवाणखान्याच्या वाटेवर फ्रान्सच्या बॅस्टिल तुरुंगाची किल्ली टांगलेली आहे, १७९० साली लाफायेतने भेट पाठवलेली. मागच्या पडवीत खुर्च्यांची रांग, समोर उतरती हिरवळ, खाली नदीचं रुंद पात्र आणि पलीकडे नुसती झाडी. "पलीकडे एकही बिल्डिंग कशी नाही गं?" मी मुलीला विचारलं. त्याचंही उत्तर एक बाईच निघाली. १९५०च्या दशकात पलीकडच्या काठावर तेलाच्या टाक्या उभ्या राहणार होत्या. संस्थेची ओहायोची उपाध्यक्ष आणि संसदेची सदस्य फ्रान्सेस बोल्टन हिने तिथली जवळजवळ पाचशे एकर जमीन १९५५च्या सुमारास घेऊन तो देखावा वाचवला. घर वाचवायचं तर घरातून दिसणारं दृश्यही वाचवायला हवं, हे बायकांनाच सुचू जाणे!

आजही या घराचा कारभार बायकांचं मंडळच बघतं. सरकारी अनुदानावर ते चालत नाही. मग खर्च भागतो कसा? तिकिटं, देणग्या, दुकान, खाणावळ आणि वर्षभराचे कार्यक्रम. हिवाळ्यात नाताळच्या दिवसांत मेणबत्त्यांच्या उजेडात घर बघायला मिळतं, जुन्या वेशातली माणसं भेटतात. अंगणात एक उंट असतो! कारण १७८७ साली वॉशिंग्टनने पाहुण्यांच्या करमणुकीसाठी अठरा शिलिंग देऊन एक उंट आणवला होता. नदीकडच्या हिरवळीवर द्राक्षमद्याचे महोत्सव होतात, लोक चटया टाकून सूर्यास्त बघतात. वॉशिंग्टनच्या वाढदिवशी मात्र सगळ्यांना फुकट प्रवेश.

मी तिथे एक गोष्ट मुद्दाम बघून ठेवली. खाणंपिणं, गर्दी, गाणी, सगळं बाहेर, हिरवळीवर नाहीतर नव्या इमारतींत. जुन्या घरात फक्त बघायचं, हात लावायचा नाही. कमाईसाठी घर वापरायचं, पण घर झिजू द्यायचं नाही, ही रेघ त्यांनी आखून घेतली आहे. अ‍ॅन पामेलाने १८७४ साली निवृत्त होताना याच अर्थाची ताकीद दिली होती. पुढच्याच वर्षी ती वारली.

जुनं घर नीट ठेवलं की ते काय काय परत देतं बघा. २०२४ साली दुरुस्तीच्या वेळी तळघरात पुरलेल्या पस्तीस जुन्या काचेच्या बाटल्या सापडल्या. त्यातल्या एकोणतीस अखंड, आणि आत अडीचशे वर्षांपूर्वी टिकवून ठेवलेल्या चेरी आणि बोरांसारखी फळं! आपल्या मुरंब्याच्या बरण्याच म्हणा ना. त्या बाटल्या भरणारे हात कोणाचे होते? वॉशिंग्टनच्या बायकोचे नव्हेत. ते गुलामांचे होते.

ही या घराची दुसरी बाजू, आणि ती झाकून गोष्ट सांगता येत नाही. १७९९ साली या जमिनीवर ३१७ माणसं गुलामीत होती. त्यातली वॉशिंग्टनच्या स्वतःच्या मालकीची १२३, त्यांना मुक्त करावं असं त्याने मृत्युपत्रात लिहिलं आणि १ जानेवारी १८०१ रोजी ती मुक्त झाली. बाकीची नाही. घर वाचवणाऱ्या अ‍ॅन पामेलाचं माहेरही गुलामांच्या कष्टावर उभं होतं. कित्येक वर्षं त्या घरात गुलामांची नावं कोणी घेत नसे. त्यांच्या दफनभूमीवर १९२९ साली एक छोटी फरशी बसवली गेली, नीट स्मारक व्हायला १९८३ साल उजाडलं. ते स्मारक हॉवर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी योजलेलं. अमेरिकेत अशा जुन्या मळ्यांवरच्या घरांत लग्नं लावायची मोठी हौस होती. २०१९ साली 'पिंटरेस्ट' आणि 'द नॉट' या कंपन्यांनी अशा लग्नांची जाहिरातबाजी थांबवायचं ठरवलं. जिथे माणसं विकली गेली तिथे फुलांच्या कमानी कशा उभारायच्या, हा प्रश्न लोकांनी विचारला म्हणून.

तुम्ही म्हणाल, त्या अमेरिकेचं आम्हाला काय? तर आपलाही एक धागा तिकडे गुंतलेला आहे. पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेला गेल्या. विधवांसाठी शाळा काढायची तर पैसा हवा होता. त्या गावोगाव बोलल्या, आणि तिकडच्या बायकांनी ठिकठिकाणी 'रमाबाई मंडळं' स्थापली. १८८७च्या डिसेंबरात बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभं राहिलं, दहा वर्षं मदत द्यायचं ठरलं. तिचे अध्यक्ष कोण होते माहीत आहे? एडवर्ड एव्हरेट हेल, माऊंट व्हर्ननसाठी व्याख्यानं देणाऱ्या त्या एव्हरेट यांचे सख्खे भाचे! त्या पैशांतून ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. थोडी थोडी वर्गणी घालणाऱ्या परक्या बायकांमुळे आपल्या मुली शिकल्या. त्याच वर्षी रमाबाईंनी अमेरिकेवर मराठीत पुस्तक लिहिलं आणि तिकडच्या बायकांच्या संस्थांविषयी आवर्जून सांगितलं.

आता आमच्या गावाकडे येते. आमचं महिला मंडळ तालुक्याच्या गावात एका जुन्या वाड्याच्या सोप्यात भरतं. मुलींचा शिवणवर्ग तिथे चालतो, चार कपाटांचं वाचनालय आहे, भिशी आहे. वाड्याचे वारस पुण्यात. त्यांना वाडा विकायचाय, यात त्यांचं काही चुकत नाही. कौलं गळतात, वाशांना वाळवी आहे, कर भरावा लागतो. पण ते भले आहेत. म्हणाले, "वहिनी, पुढचा सोपा आणि अंगण तुम्ही घेत असाल तर अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबतो. बावीस लाख होतील." बावीस लाख! मंडळाच्या खात्यात तेव्हा एक लाख चाळीस हजार होते.

बैठकीत पहिलीच सूचना आली, अंगण लग्नाला भाड्याने देऊ. दोन सीझनमध्ये पैसे उभे राहतील. दुसरी म्हणाली, "डीजेने भिंती हादरतील, मग घ्यायचं काय, ढिगारा?" बराच वाद झाला. तेव्हा मी ही सगळी गोष्ट सांगितली. जेवणावळ सोप्यात नाही, डीजे नाही, पण अंगणात भोंडला, कोजागरी, दिवाळी फराळाचा मेळा, मुलांची किल्ला स्पर्धा, उन्हाळ्यात पापड-कुरडयांची विक्री, यांना काय हरकत आहे? आणि वर्गणी शंभर रुपयांची, देणारी प्रत्येक जण सभासद. गल्लीगणिक एक बाई नेमली. पुण्या-मुंबईला गेलेल्या माहेरवाशिणींना फोन करायचं काम दोघींनी घेतलं. हिशेब दर महिन्याला सोप्याच्या भिंतीवर लागतो, पै न् पैचा.

मंडळातल्या सगळ्यांत थोरल्या काकू एवढा वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "सोपा वाचवा, वाचवायलाच हवा. पण माझी सासू या वाड्यात धुण्याला यायची. मागच्या दाराने. हा सोपा तिने आयुष्यात आतून बघितला नाही. तिचं नाव कुठे लिहिणार?" बैठकीत शांतता झाली. मग ठरलं, की वाड्याची माहिती लिहायची तेव्हा मागच्या दाराने येणाऱ्या बायकांची नावंही लिहायची. धुणं-भांडी, दळण, शेण-सारवण करणाऱ्या. ज्यांच्या लेकी-सुना अजून गावात आहेत त्यांना विचारून आत्ताच लिहून घ्यायची, कारण ही माणसं काही थांबणार नाहीत.

आपल्याकडे जुनं घर पडेपर्यंत आपण त्याकडे बघत नाही. पुण्याच्या भिडेवाड्यात १८४८ साली फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली. तो वाडा मोडकळीला आला, खटले वर्षानुवर्षं चालले, आणि २०२३च्या डिसेंबरात स्मारकासाठी तो पाडावाच लागला. स्मारक हवंच. पण जिथे मुली पहिल्यांदा पाटी घेऊन बसल्या ती भुई, तो उंबरा पुन्हा दिसणार नाही.

हे लिहीपर्यंत आमचे सहा लाख ऐंशी हजार जमले आहेत. कोजागरीच्या एका रात्रीत मसाला दूध आणि भेळेवर एकोणीस हजार निघाले. बाकीचे जमतील की नाही, आज सांगता येत नाही. वारसांनी हप्त्याचा विचार करू असं म्हटलंय. अमेरिकेतल्या त्या बायकांनीही आधी थोडे आणि बाकीचे हप्त्यानेच दिले होते, हे मी त्यांना ऐकवून ठेवलंय!

तुमच्या गावातही असा एखादा वाडा, जुनी शाळा, एखाद्या लेखिकेचं किंवा स्वातंत्र्यसैनिक बाईचं घर असेल. तिथे जुनं दार अजून असेल, तर एकदा मैत्रिणींना घेऊन बघून या. मालक कोण, कर कोण भरतं, छत किती गळतं, एवढं आधी विचारा. आणि तुमच्या मंडळाने असं काही केलं असेल, तर पैसे कसे उभे केले ते आम्हाला जरूर कळवा. आम्हाला अजून पंधरा लाख वीस हजार हवे आहेत.